शेरा: चालू

कंपूच्या कोतात, खालच्या रांगेत, तिसऱ्या खाचेत
ती उभी असते. एसएलआर.
बटवर कुणीतरी खिळ्याने कोरलेला 'भा'.
रजिस्टरात तिचं वय माझ्याहून नऊ वर्षांनी जास्त
आणि शेऱ्याच्या रकान्यात, दर साली, माझ्याच अक्षरात: चालू.

भापकर हवालदार म्हणायचे,
बीहडात हिच्या वजनाला दिवसभर शिव्या घातल्या
आणि रात्री हिलाच उशाशी घेऊन झोपलो.
झाडली किती वेळा, विचारलं
की चहा बशीत ओतायचे.

नव्या पोरांना आता हलकी, काळी मिळते.
ही निवडणुकीला जाते भिंडकडे,
शाळेच्या व्हरांड्यात मशिनांच्या पेट्यांशेजारी जागते.
परत आली की मी नळीतून चिंधी ओढतो:
धूळ, एकदा बाजरीचं कूस.
दारूचा वास नाही.

मंगळवारी भापकर गेले.
मेडल होतं, म्हणून सलामी. मुरारच्या स्मशानात
सात नेल्या; सातवी ही, मीच काढून दिली.

खोट्या काडतुसाला जोर नसतो.
आपली आपण भरणारी ही, सलामीत भरत नाही,
दर बाराला दांडा हाताने ओढावा लागतो.
पोराला कुणी सांगितलं नव्हतं.
दुसऱ्या फैरीला त्याने नुसता घोडा दाबला.
टक्.
मी मागून पुटपुटलो, ओढ, बाबा, ओढ.

संध्याकाळी खोकी मोजली. वीस.
चिंधी काळी निघाली.
ती टाकायची असते.