पाकोळी

कुशिरोत मे महिन्यातच धुकं येतं समुद्रावरून
आणि गल्लीत ठाण मांडतं, न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.
दोजोच्या खिडक्या तरी आम्ही उघड्याच ठेवतो,
तातामीला घामाचा वास धरतो म्हणून.
माझ्या हातांना खेकड्यांचा. तो जात नाही,
लिंबाने नाही, मिठाने नाही;
दिवसभर कारखान्यात नांग्या फोडते मी.
"आई, ही कॉलर धू एकदा," चिनात्सु म्हणते
आणि तीच कॉलर मुठीत घट्ट धरते.

अकरा वर्षं एकच डाव.
मी पाऊल पुढे टाकते, ते टेकायच्या आत
तिचा तळवा येतो, केरसुणीसारखा, जमिनीलगत,
आणि मी छताकडे बघत असते.
छताला दोन ट्यूब. डावीकडची फडफडते.
तिचं फडफडणं मला तोंडपाठ आहे.

कुवाबाता सर, वय एक्क्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले,
स्टोव्हजवळच्या खुर्चीतून सांगतात:
"फुसाए-सान, पाय वाचवू नका.
तिच्या पायाला जाऊ द्या. वळचणीशी पाकोळी वळते ना, तसं वळा,
आणि जो गेला त्याच्या मागोमाग जा."
बोलायला काय जातंय.
पाकोळी दीड तोळ्याची. मी बासष्ट किलो.

आज गुरुवार. सोमवारी ती जाणार
ओसाकाला, पोलिसांच्या संघात.
बॅग भरून दाराशी ठेवली आहे. मी काही विचारलं नाही.
वाकलो. पकड घेतली.
आणि मला ऐकू आला
तो श्वास.
डाव टाकण्याआधी ती आत ओढते तो, अर्धाच,
नाकाने, जरा अडखळत.
अगं, हा तर माझ्या ओळखीचा!
चौदा दिवसांची होतीस, रडण्याआधी अस्साच घ्यायचीस,
आणि तुला रडू फुटायच्या आत
मी अंधारात उठून बसलेली असायचे.
अकरा वर्षं मी नुसते पाय बघत राहिले.

गुडघा आपोआप दुमडला.
तिचा पाय माझ्या पायाखालून गेला, रिकामाच;
बंद समजून खांदा लावलेल्या दारातून
माणूस आत जावा तसा.
मी त्याच्या मागोमाग गेले.

धप्प.
किटलीचं झाकण वाजलं म्हणे. मला नाही ऐकू आलं.
कुवाबाता सर उभे राहिले, त्या गुडघ्यांवर.
चिनात्सु चीत. डोळे वर.
अस्मान दाखवलं म्हणतात, पण अस्मान कुठलं,
त्याच दोन ट्यूब.
"डावीकडची फडफडते," ती म्हणाली.
"कधीपासून गं?"

पहिल्यापासूनच, मी म्हटलं.
तिची बाही माझ्या मुठीत होती.
पडणाऱ्याची बाही धरून ठेवायची असते,
डोकं आपटू नये म्हणून. नियमच आहे तो.
पण ती केव्हाच पडून झाली होती.
"फुसाए-सान," सर म्हणाले, "सोडा आता."
बंदरात धुक्याचा भोंगा वाजला, लांबलचक.
थांबा, मी म्हटलं,
जरा दम खाते.