कस

आप्पाला चित्र काढता येत नव्हतं.
माणूस काढला तर बुजगावणं व्हायचं.
म्हैस काढली तर आई म्हणायची, खाट झकास आलीय.

तरी दर दिवाळीला विट्याच्या स्टँडवर उतरायचा तो
पिशवीत वर हलवा, खाली एक वही घेऊन.
दुकानाच्या हिशेबाची चाळीस पानी वही,
आणि पानापानांवर नुसता काळपट धूर.

"अशी नाही, उजेडाकडं तिरकी धर."
मग धुरातून वर यायचं काहीबाही:
सेलमच्या भट्टीखोलीतलं जाळीचं झाकण.
मदुरेतल्या एका पायरीवरचं कमळ, अर्धंच,
कारण रखवालदार ओरडला.
कुठल्याशा स्टेशनच्या बाकावरचा आकडा, सत्तेचाळीस.
सिल्चरच्या बाजारात
एका म्हातारीनं मांडीवर धरलेल्या वेताच्या टोपलीचा तळ.
म्हातारीचं नाव त्यानं विचारलं होतं,
लिहिलंही होतं, पण चुकीचं,
असं तोच सांगायचा.

रीत सोपी आहे. या सुट्टीत मी रेवणला शिकवतेय,
भावाच्या पोराला.
कागद पातळ घे, पतंगाचा चालतो.
वस्तूवर ठेव, डाव्या हातानं धर, सरकू देऊ नको.
पेन्सिल टोकानं नाही रे, आडवी.
आणि हलक्या हातानं,
झोपलेल्या मांजरावरून फिरवतोस तशी.
जे उंच ते काळं होतं.
जे खोल ते पांढरंच राहतं.
खाली तारीख, गाव. झालं.

"आजोबांनी फोटो का नाही काढले?"
मोबाईल नव्हता, म्हटलं.
दोन घास गेल्यावर सुचलं,
फोटो काढताना हात लावावा लागत नाही.

काल रेणावीला जाऊन आलो.
रेवणनं छापा घेतला एसटीच्या सीटमागच्या पत्र्याचा,
जिथं कुणी खिळ्यानं एक नाव कोरलंय
आणि कुणी दुसऱ्यानं ते खोडलंय.
मैलाच्या दगडाचा घेतला, 'विटा', पुढचा आकडा झिजलेला.
टपरीवर बिस्किटाचा घेतला
आणि मग बिस्किट खाल्लं.

गलाईवाला होता आप्पा.
लोकांचं सोनं वितळवायचं, हिणकस काढायचं, चोख परत द्यायचं.
काळ्या दगडावर एक रेघ ओढायची,
रेघेवरून कस कळतो.
तीस वर्षं परमुलखात दुसऱ्यांचं सोनं घासलं त्यानं.
वह्या तेवढ्या त्याच्या स्वतःच्या.

त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
पत्र्याच्या पेटीला अजून तेजाबाचा वास येतो.
काल रात्री बावीसच्या बावीस काढून बसलो
तर एका वहीत, डिंकानं जोडलेल्या दोन पानांवर
टाकीच्या घावांसारखे ठिपकेच ठिपके
आणि मधोमध
लांबट, पांढरी, कोरी जागा.
तारीख होती. भाऊबीजेचा दुसरा दिवस,
त्याची रात्रीची गाडी असायची तो.
गाव नव्हतं.

कुठलं देऊळ असेल? कुठला घाट?
रेवण कागद घेऊन घरभर फिरला,
जिन्याला लावून बघितला, उंबऱ्याला, न्हाणीतल्या फरशीला.
मग स्वयंपाकघरातून त्याची हाक आली.

मिक्सर आल्यापासून कोपऱ्यात उभा करून ठेवलेला पाटा.
कडेला टाकी लावल्याच्या खुणा तशाच,
आणि मधे आईचा हात फिरून फिरून
पडलेला खळगा.

कागद त्यावर बसला, बरोब्बर.

मी काही बोलले नाही.
रेवण पेन्सिल तोंडात धरून उभा,
"आता खाली गाव काय लिहू?"

आईनं चष्मा लावला, कागद बघितला,
उजेडाकडं तिरका धरला,
पुष्कळ वेळ.
"तरीच," म्हणाली,
"त्या दिवशी पाट्याच्या कडा काळ्या झालेल्या.
मी तुला मारलं होतं गं."