हद्द

मेहेर सिग्नलजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं टेबल. बावीस वर्षं.
भाडेकरार, नावातला बदल, हरवलेली मार्कशीट,
भावांच्या नावे बहिणींची हक्कसोड.

केदू पुंजा खैरनार, निवृत्त हवालदार, राहणार भगूर.
स्टॅम्पपेपर जुन्या कॅलेंडरात गुंडाळलेला, घडी पडू नये म्हणून.
घ्या लिहून, म्हणाले.

मी सवयीनं सुरू केलं:
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
आणि ते बोलेचनात.
रसवंतीचे घुंगरू तेवढे वाजत राहिले.

मग एका दमात, ड्यूटीचा रिपोर्ट दिल्यासारखं:
निळी टोपी होती. परका मुलूख. गेट क्रमांक दोन.
रात्री आत येणाऱ्या गाडीची नोंद माझ्याकडे.
मी लिहायचो, पाण्याचा टँकर.
पाणी नसायचं.
एकदा तिनं बिस्किटाचा पुडा माझ्या हातात दिला,
खुणेनं सांगितलं, जाताना घेते.
पहाटे टँकर गेला. पुडा राहिला.
वय विचारू नका, बाई.
माझी थोरली तेव्हा आठवीत होती.

नाव?
ओदेत.
त तलवारीतला, की ट टपालातला?
ते अडले. ती म्हणायची तसा.
ओठांनी दोनदा म्हणून पाहिलं त्यांनी.
मी त ठेवला.

धामणे वकिलांनी चहा संपेपर्यंत वाचलं.
तिथलं कोर्ट म्हणणार, पाहुण्या फौजेला आम्ही हात लावत नाही.
वरचं ऑफिस म्हणणार, ज्याची फौज, त्याचा कायदा.
आणि इथं विचारतील, मुलगी कुठंय?
शिवाय हवालदार, नोंद तर तुमच्याच अक्षरात.
होय, ते म्हणाले, म्हणून तर आलो.

हा मुद्रांक इथलाच, नाशिकरोडच्या छापखान्यातला.
पासपोर्टही तिथेच छापतात,
माणसाला सगळ्या हद्दींपलीकडे नेणारे.
माझ्या नमुन्यात एक रकाना आहे:
पोलीस ठाणे, हद्द.
मी आडवी रेघ मारणार होते.
रेघ नको, म्हणाले. गेट क्रमांक दोन लिहा.
असं चालत नाही, मी म्हटलं.
लिहा तर खरं.

लिहिलं.
पानाचे तीस, जादा प्रतीचे दहा.
प्रत कुणाला पाठवणार ते मी विचारलं नाही.
नोटरीसमोर त्यांनी सही केली
आणि सहीशेजारी, कुणी मागितली नसताना,
वेळ टाकली.
चौदा वाजून दहा मिनिटं.