कॉलरीतला आकडा

उम्म सदफ, म्हणजे शिंपल्यांची आई.
आता शिंपले नाहीत, भराव आहे,
भरावावर कुंपण, कुंपणामागे कुणाचातरी महाल,
आणि हज्जी मक्कीची होडी
चौकातल्या गोल हिरवळीवर शोभेला ठेवलेली.
नाक्यावर ओळखपत्र दाखवून
तो रोज आपलीच होडी बघून येतो.

मी म्हसळ्याचा. बावीस वर्षं इथे इस्त्री.
अरबी बोलता येतं, लिहिता येत नाही,
म्हणून कॉलरीच्या आत आकडा घालतो तो आपला, मराठी.
गावात तो मला एकट्याला वाचता येतो.

धुण्याआधी खिसे उलटे करायचे.
पोरांच्या खिशात अर्धा कांदा निघतो, धुरावरचा उतारा.
दिलमुराद शिपायाच्या खिशात पैसे पाठवल्याची पावती:
मकरानला, बहिणीच्या लग्नासाठी,
मी पाठवतो त्याच खिडकीतून.
कपड्यांना वास मात्र दोघांच्याही तोच.
दोन पाण्यांत जात नाही.

मार्चात रिदाला नेला. सतरा वर्षांचा.
त्याची आई नऊ वेळा ठाण्यावर जाऊन आली.
या नावाचं इथे कुणी नाही.

आणि गुरुवारी, ठाण्याच्या गाठोड्यात,
गणवेशांच्या तळाशी
एक निळा सदरा, बाही खांद्यातून उसवलेली.
कॉलर उलटली.
२१४.
माझाच दोन, शेपटी लांबलेली.

शुक्रवारी चौकशी समितीचा माणूस कोट घेऊन आला.
भला माणूस. उभ्यानेच चहा घेतला.
म्हणाला, तुमच्या मते या अशांततेचं मूळ कशात आहे?
माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटात.
धाकटीची बारावी.
म्हटलं, साहेब, उद्या संध्याकाळी मिळेल.
बाकावरून मक्की पुटपुटला,
समुद्र ढकलला तो गेला कुठे, विचार त्याला.
मी भाषांतर केलं नाही.
कोटाला एकही सुरकुती ठेवली नाही.

रात्री शटर अर्धं ओढून
रिदाच्या आईला सदरा दाखवला.
तिने आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
काखेत नाक खुपसून उभी राहिली,
बराच वेळ.
मग म्हणाली, आहे.
आणि धुऊ दिला नाही. घेऊन गेली.

गाठोड्यात आता एक नग कमी भरतोय.
तिसऱ्यांदा मोजलं.
सकाळी दिलमुराद येईल,
त्यालाही मोजता येतं.