बेचाळिसावी चाचणी

रात्री साडेअकराला दौलतगंजात कूलरचं पाणी संपतं
आणि माझी दुसरी पाळी सुरू होते.
दिवसा मी वीजबिलांच्या तक्रारी लिहून घेते,
रात्री अनोळखी लोकांच्या कोडमधले दोष.
दुसऱ्या कामाचे पैसे मिळत नाहीत,
म्हणून ते जरा नीट करते.

आज रांगेत एक छोटं पॅकेज.
धाडणारी सेंथामरै, तिरुनेलवेलीची.
काम एवढंच, की मजकूर धुऊन द्यायचा:
फाजील जागा, भरकटलेली चिन्हं,
डोळ्यांना न दिसणारा सगळा केर.
परवाना आहे. माहितीपत्रक आहे, तेही वाचण्यासारखं.
एक्केचाळीस चाचण्या, एक्केचाळीस हिरव्या.
'मंजूर'वर बोट ठेवलंच होतं.

पण मला एक खोड आहे.
कुणाचंही पॅकेज आलं की त्याला मी
आमच्या मंडळाचा गणपतीचा हिशेब चारते,
तेरा वर्षांचा, तीन खजिनदारांनी तीन तऱ्हांनी टाइप केलेला,
मराठीत सुरू होऊन 'देना है'वर संपणारा.
भलीभली आडवी झालीत त्याच्यापुढे.

गेला आत, आला बाहेर. लखलखीत.
फक्त 'आचाऱ्यास रुपये अडीच हजार'
होतं तिथे
'आचार्यास'.

डबऱ्याहून येणारा बाबूलाल कुशवाह
पुऱ्यांचा घाणा काढता काढता
एका एंटरात गुरुजी झाला.
खाली सहलीच्या खर्चात
पचमढीच्या दऱ्या होत्या, तिथे दर्या.
मध्य प्रदेशाला समुद्र!
मी एकटीच हसले.

र आणि य यांच्या मधे एक काहीतरी असतं,
रुंदी शून्य, शाई शून्य,
ते र ला सांगतं, डोक्यावर चढू नकोस,
इथेच थांब, शेजारी, जरा वाकून.
सेंथामरैच्या लिपीत त्याचं काम पडत नाही.
तिला तो केर वाटला.
मलाही वाटला असता,
माझं आडनाव वऱ्हाडपांडे नसतं तर.

फॉर्म विचारतो, दोष किती गंभीर?
किरकोळ, मध्यम, अडवणारा.
मी 'किरकोळ' निवडलं. मग
बाबूलालचा चेहरा आठवून बदललं.

पहिला मसुदा: 'हे तपासलंच नाही का?'
पुसला.
सहा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या पॅकेजखाली
कुणी एकच शब्द लिहिला होता, 'निरुपयोगी'.
ती फाइल मी अजून उघडलेली नाही.

दुसरा मसुदा:
'तुमचं काम स्वच्छ आहे. थोडं जास्तच.
सोबतची फाइल चालवून पाहा, ओळ दोनशे सहा.
हे दोन शब्द वेगळे आहेत.
पहिला स्वयंपाक करतो. दुसरा शिकवतो.'

पहाटे चारला उत्तर:
'मला दोन्ही सारखेच दिसतात. तरी दुरुस्त केलंय.'
सोबत बेचाळिसावी चाचणी,
तिचं नाव, 'स्वयंपाकी, गुरुजी नव्हे'.
हिरवी.
आता हिंदी ओळींतला खरा केरही जागच्या जागी राहतो,
ती नोंद वेगळी केली. किरकोळ. खरोखरच.

मंजूर करण्याआधी एकदा
ओळ दोनशे सहा शेवटपर्यंत वाचली.
आचाऱ्यास रुपये अडीच हजार,
पैकी आठशे देना है.
चार वर्षांपूर्वीची तारीख.
कितीदा चारली ही ओळ मी कुणाकुणाला,
आणि एकाही चाचणीत
हे लाल झालं नाही.