एक रेघ, तारीख, सही

सापोतित्लानच्या रोपवाटिकेत
माझं काम मोजण्याचं.
काचेच्या बश्या चाळीस, एकेकीत बिया पंचवीस,
मोहरीहून बारीक, काळ्या, खरबरीत.
बिस्नागाच्या. म्हणजे तो गोल निवडुंग,
जो माणसाच्या कमरेला लागायला
माणसाचं आयुष्य घेतो.

रोज सकाळी भिंगाखाली बघायचं
आणि लिहायचं: शून्य.
शून्य.
शून्य, एकीला बुरशी.
शून्य.

देल्फिनो विचारायचा, ओब्दुलिया,
तू बियांकडे बघतेस की बिया तुझ्याकडे?
मी बोलत नसे. मोजताना बोललं की चुकतं.

काय नाही केलं आम्ही.
काहींना आम्लात बुडवलं, जणू पाखराच्या पोटातून आल्या.
काहींना शेकलं.
काही काळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या;
उजेड दिसल्याशिवाय ही जात हलत नाही
हे कळेपर्यंत एक फेरी फुकट गेली.
एकीला तर मी, कुणी नसताना, सुईनं टोचलं.
ढिम्म.

साठाव्या दिवशी डॉक्टरबाई आल्या,
वही चाळली, म्हणाल्या, लिही: मृत.
लिहिलं. शाईनं.
बश्या मेस्कीतेच्या बुडाशी झटकल्या,
धुतल्या, पालथ्या घातल्या.

त्या वर्षी पाऊस आला तो असा
की मिठागरावरची धूळ बसली, बस्स.
माती दोनदा भिजली, दोनदा वाळली,
पापुद्रे धरून उलली.
आई खूश. तिचं मीठ उन्हावर पिकतं.
मग सप्टेंबरात तीन रात्री सलग कोसळला
आणि वाफ्यांतलं सगळं मीठ विरघळलं.
काठावर बसून आई शिव्या देत होती,
ढगांना, गावच्या संताला, मधेच मलाही.

चौथ्या दिवशी बादली ओतायला गेले
आणि पाऊल अधांतरीच राहिलं.
मेस्कीतेच्या सावलीत हिरवट-तांबूस मणी,
कुणाच्या डोक्यावर अजून टरफलाची टोपी.
मोजले, सवयीनं. एकशे बारा.

म्हणजे पहिल्याच सरीला त्या जाग्या झाल्या होत्या.
घोटभर प्यायल्या आणि थांबल्या.
वाळल्या, पण घोट विसरल्या नाहीत.
दुसऱ्या सरीला तिथूनच पुढे.
टरफलाच्या आत कुणीतरी
माझ्याहून चोख हिशेब ठेवत होतं,
आणि मी बाहेर बसून
शून्याला शून्य जोडत होते.

वहीत खाडाखोड चालत नाही.
एक रेघ, तारीख, सही, असा नियम.
मारली रेघ 'मृत'वर.
पुढे काय लिहू? जिवंत?
बुरशीची एक वगळून
आठशे सत्त्याऐंशी अजून मातीत आहेत,
त्यांच्या वतीनं मी कोण बोलणार.
ती ओळ तशीच कोरी आहे.
डॉक्टरबाई रागावल्या, मग भिंग घेऊन
तासभर मेस्कीतेखाली उकिडव्या बसल्या.

आई पुन्हा वाफे लिंपते आहे.
बादली मी आता
झाडाला वळसा घालून पलीकडे ओतते.