माठामागे

रात्रीचे साडेदहा. जळगाव, पतसंस्थेचा दुसरा मजला.
डिसेंबर. मफलर कानावरून काढून
काळ्या पडद्यावर मी एक ओळ टंकते :
यंत्राचा पत्ता, परवलीचा शब्द,
मग आकड्यांची पायवाट
एक तीन सहा एक दोन एक एक सहा
आणि शेवटी शून्य.
शून्य विसरलं तर पलीकडून उत्तर येतं,
असं इथे काही नाही.
लावलं, की तो सांगतो तो कुठे आहे.

एकतीस शाखा, एकतीस स्विच,
प्रत्येकाच्या पोटात एक हुजऱ्या,
विचारल्याशिवाय सहसा न बोलणारा.
स्थळाच्या रकान्यात काय भरावं याचा
पुस्तकात नमुना आहे : इमारत, मजला, खोली.
भिरूड सरांनी भरलं ते रोमन अक्षरांत
पण स्वतःच्या तोंडचं :

यावल, कपाटावर. मांजर बसते.
एरंडोल, साहेबांच्या डोक्यावर. स्टूल नेणे.
चोपडा, खिडकीजवळ. उघडू नये, माकडे.
सावदा, जिन्याखाली, माठामागे.

यावलचं तापमान विचारलं. एक्केचाळीस.
म्हणजे मांजर आहे.
पारोळ्याची मी, मनात त्याच्या वतीनं म्हणते
बठ्ठं बरं शे.

वरून फर्मान आलंय :
संपर्काच्या रकान्यातलं भिरूडांचं नाव काढा,
हेल्पलाइनचा नंबर घाला.
वाचायचा शब्द सगळ्यांना ठाऊक, लिहायचा वेगळा.
सर निवृत्त होताना चिठ्ठीवर देऊन गेले : बसराई.
का, विचारलं तर म्हणाले,
आमच्या मळ्यातून ही केळी गेली,
कुठंतरी राहू दे.

नवं मूल्य देण्याआधी सांगावं लागतं
की हा आकडा नाही, ही अक्षरं आहेत.
त्यासाठी एकच अक्षर, नावाच्या अलीकडे.
ते मी तीस वेळा दिलं.
तीस वेळा यंत्रानं
नवं मूल्य मलाच वाचून दाखवलं,
वाण्यानं मोड मोजून हातावर ठेवावी तसं.

सावदा बोलेना.
पुन्हा विचारलं. पाच सेकंद, दहा.
ही हाक पोस्टकार्डासारखी असते,
पोचल्याची पावती नाही.

पहिल्या वर्षी असाच घाबरून फोन केला होता :
सर, पाचोऱ्याचं घड्याळ शून्यावर आलं, बंद पडला का?
ते हसले. नाही गं,
चारशे सत्त्याण्णव दिवस झाले की त्याचं पोट भरतं,
मग तो पहिल्यापासून मोजतो. चालूच असतो.

आज पुन्हा तोच नंबर.
इतक्या उशिरा का गं, म्हणाले,
आणि मग, माठ कुणी हलवला का?

मला काय माहीत, मी सावदा पाहिलेलं नाही.
आकडे माहीत आहेत.

अर्ध्या तासानं त्यांचा फोन, मागे कुत्री भुंकतायत.
लुकमान तडवीला उठवलं, कुलूप उघडलं.
माठ गेला. पाण्याचं फिल्टर आलंय नवं.
आणि आपल्या पिनेत त्याचीच पिन.
काढू?
काढा सर.
फिल्टरचा दिवा गेला म्हणतात,
पाणी उद्या माठातलं पितील.
माठच नाही, मी म्हणाले.
अरे हो.

पडद्यावर : शून्य दिवस, शून्य तास, दोन मिनिटं.
या खेपेला खरंखुरं शून्य.

एकतिसाव्याचं नाव मी बदललं.
हुकूम तो हुकूम. फोन चालूच होता,
कळांचा आवाज त्यांना गेला असेल.
झालं का, त्यांनी विचारलं.
झालं.

स्थळाचा रकाना वरचे कुणी वाचत नाहीत.
तिथं एक ओळ टाकली, रोमन अक्षरांत,
आधी ते अक्षर, मग
बसराई वापरून :
जिन्याखाली. माठ होता तिथे.